नव्या वसाहतीचं पाणी आणि ड्रेनेज : पैसा कुठून येतो, आणि प्लॉट घेण्याआधी काय विचारावं

मुसलमान मक्का सोडून मदिनेत आले तेव्हा तिथे 'रूमा' नावाची गोड्या पाण्याची विहीर एका खासगी मालकाकडे होती आणि तिचं पाणी विकत घ्यावं लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर स्वतःच्या पैशाने खरेदी केली आणि सर्वांसाठी वक्फ केली. हा वाकया आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही माहीत असतो. पाणी अल्लाहची नेमत आहे, पण ते माणसापर्यंत पोहोचवायचं तर कुणाच्या तरी खिशातून पैसा जातोच.

आजच्या शहरात तो खिसा कुणाचा असतो? हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं, आणि त्याची किंमत आपलीच कुटुंबं मोजतात. आखातातल्या नोकरीची बचत, भिशीचे पैसे, बायकोचे दागिने मोडून शहराच्या कडेला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला जातो. घर उभं राहतं. मग दहा-दहा वर्षं टँकर आणि सेप्टिक टँक यांच्या आधारावर दिवस निघतात. आम्ही शाळेत शिकवतो. ज्या दिवशी वस्तीत टँकर किंवा नळ येतो, त्या दिवशी हजेरीत मुली कमी दिसतात, कारण पाणी भरायला घरात त्याच असतात.

म्हणून नव्या वसाहतीच्या पाण्याचा आणि ड्रेनेजचा पैसा कसा उभा राहतो, तो कुठे अडतो आणि आपण काय करू शकतो, हे या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत. मुख्य उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबादचं) घेतलं आहे.

एका वसाहतीला किती पाणी लागतं?

आधी थोडं गणित. ज्या शहरात भूमिगत ड्रेनेज आहे तिथे दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरावं, असा सरकारी निकष आहे. एक हजार घरांची वसाहत, घरात पाच माणसं धरली तर रोज ६ लाख ७५ हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं ठरवलं तर रोज ६८ टँकर.

वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे याच वसाहतीतून रोज ५ लाख ४० हजार लिटर घाण पाणी निघणार. ते कुठे तरी जाणारच. गटार नसेल तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, नाल्यात किंवा बोअरच्या पाण्यात.

नळाच्या मागे काय काय असतं?

घरातला नळ हे एका लांब साखळीचं शेवटचं टोक. धरणाजवळ पाणी उचलण्याची जॅकवेल, तिथून शहरापर्यंत मोठी जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, उंचावरचे जलकुंभ, मग गल्लीगल्लीतल्या वाहिन्या आणि शेवटी नळजोडणी. ड्रेनेजची साखळी उलटी चालते : घर, चेंबर, गल्लीतली वाहिनी, मुख्य वाहिनी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र.

एक फरक इथेच लक्षात ठेवावा. मंजूर ले-आउटमध्ये वसाहतीच्या आतले रस्ते, पाण्याच्या लाइन आणि गटारं करून देणं ही ले-आउट पाडणाऱ्याची जबाबदारी असते. वसाहतीच्या बाहेरची साखळी, म्हणजे धरणापासून वसाहतीच्या तोंडापर्यंत, ही महानगरपालिका किंवा नगरपरिषदेची. "आम्ही लाइन टाकून दिली आहे" असं प्लॉट विकणारा सांगतो तेव्हा तो आतल्या लाइनबद्दल बोलत असतो. बाहेरची लाइन तिथवर आली नसेल तर आतली लाइन कोरडीच राहते.

पैशाचे पाच मार्ग

१. विकास शुल्क. नवीन बांधकामाची परवानगी घेताना हे भरावं लागतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ च्या दुरुस्तीने त्याचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. निवासी वापरासाठी सर्वसाधारण दर जमिनीवर रेडी रेकनरच्या ०.५ टक्के आणि बांधकामावर २ टक्के असा आहे. समजा रेडी रेकनरचा जमिनीचा दर चौरस मीटरला १० हजार रुपये आहे, प्लॉट १०० चौरस मीटरचा आणि बांधकामही तेवढंच. जमिनीचे ५ हजार आणि बांधकामाचे २० हजार, मिळून २५ हजार रुपये. यातून रस्ते, दिवे, उद्यानं अशा सगळ्याच सार्वजनिक सुविधा व्हायच्या असतात, एकटं पाणी नव्हे. याशिवाय जास्त चटईक्षेत्र हवं असेल तर बिल्डर प्रीमियम भरतो. त्याचाही काही भाग स्थानिक संस्थेला मिळतो.

२. मालमत्ता करातले लाभ कर. घरपट्टीची पावती नीट वाचली तर तिच्यात पाणीपट्टीपासून वेगळे 'जललाभ कर' आणि 'मलप्रवाह लाभ कर' असे रकाने अनेक शहरांत दिसतात. पाणी आणि मलनिस्सारणाची मोठी कामं करणं, सुधारणं आणि चालवणं यासाठी हे कर असतात. नव्या टाकीसाठी आणि नव्या वाहिनीसाठी जुन्या मोहल्ल्यातले लोकही पैसे देत असतात, ते याच मार्गाने.

३. पाणीपट्टी आणि नळजोडणी शुल्क. वापरणाऱ्याने दिलेला हा पैसा बहुतेक ठिकाणी वीजबिल, रसायनं, दुरुस्ती आणि पगार यांतच संपतो. पाणी उपसण्याचं वीजबिल हा तर सर्वांत मोठा खर्च. नवीन वाहिनीसाठी यातून फार उरत नाही.

४. केंद्र आणि राज्याचं अनुदान. २००५ साली जेएनएनयूआरएम, २०१५ साली अमृत आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून अमृत २.० अशा केंद्राच्या योजना आल्या. अमृत २.० मध्ये शहराच्या लोकसंख्येप्रमाणे केंद्राचा वाटा बदलतो. एक लाखाखालच्या शहराला निम्मा खर्च, एक ते दहा लाखांच्या शहराला एक-तृतीयांश आणि दहा लाखांवरच्या शहराला पाव भाग. उरलेलं राज्य आणि स्थानिक संस्थेने मिळून भरायचं. राज्याची नगरोत्थान योजना याच कामासाठी आहे. १५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला होता.

५. कर्ज आणि रोखे. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ साली राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढून पाणी आणि मलनिस्सारणासाठी पैसा उभा केला. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. रोखे विकत घेणारा आधी पालिकेची वसुली बघतो. ज्या शहरात घरपट्टी नीट वसूल होत नाही त्याला हा दरवाजा जवळजवळ बंद असतो.

एकेकाळी महानगरपालिकांच्या हातात जकात होती, रोजचा रोख पैसा. तिच्या जागी एलबीटी आला, आणि २०१७ साली जीएसटी लागू झाल्यावर त्याची भरपाई राज्याकडून येऊ लागली. त्यामुळे स्वतःच्या हिमतीवर मोठी पाणीयोजना करू शकेल असं शहर आता विरळा.

औरंगाबादचा हिशेब

या शहराला पाण्याच्या हुशारीचा वारसा आहे. मलिक अंबर यांनी सतराव्या शतकात वसवलेल्या या गावाला 'नहर-ए-अंबरी'ने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणून दिलं. पाणचक्की आजही उभी आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहात येणाऱ्यांसाठी तिथे पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जाई.

आजचं शहर मात्र पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. जुनी वाहिनी ७०० मिलिमीटरची, नंतरची १४०० मिलिमीटरची. शहर वाढत गेलं, वाहिन्या तेवढ्याच राहिल्या. धरणात पाणी असूनही घरात नळ आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा, अशी स्थिती झाली.

पहिला मोठा उपाय म्हणून 'समांतर' जलवाहिनी योजना आली, ७९२ कोटींची, खासगी भागीदारीतली. शहराचं पाणी खासगी कंपनीकडे गेलं, वाद पेटले आणि २०१६ साली महानगरपालिकेने करार रद्द केला. त्यानंतर राज्याने १,६८० कोटींची नवी योजना मंजूर केली. डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं. पुढे भाव वाढले, योजना अमृत २.० मध्ये गेली आणि खर्च २,७४० कोटींवर पोहोचला. काम रेंगाळलं म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं.

या तीन योजना तंतोतंत सारख्या नव्हत्या. तरी ७९२, १,६८० आणि २,७४० हे आकडे एकाखाली एक लिहिले की उशिराची किंमत कळते.

आता २,७४० कोटी कोण देणार ते बघू. शहर दहा लाखांवरचं, म्हणून केंद्राचे २५ टक्के, राज्याचे ४५ टक्के आणि महानगरपालिकेचे ३० टक्के. हे ३० टक्के म्हणजे ८२२ कोटी. शहरात तीन लाख घरं धरली, तर पूर्ण योजना दर घरामागे सुमारे ९१ हजार रुपयांची होते, आणि पालिकेचा वाटा दर घरामागे २७ हजारांहून थोडा जास्त.

हे आकडे दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. या शहरात घरगुती नळाची पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती. आठवड्याला एकदा पाणी देऊन एवढे पैसे कसे घेता, असा लोकांचा संताप होता आणि तो योग्यच होता. २०२२ साली ती निम्मी, २,०२५ रुपये झाली. लोकांना दिलासा मिळाला. पण पालिकेच्या तिजोरीत येणारा पैसा घटला, तोही ८२२ कोटींचा हिस्सा डोक्यावर असताना. पाणी नाही म्हणून लोक पैसे देत नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून पाणी येत नाही, हा फेरा आपल्या बहुतेक शहरांत चालू आहे.

गुंठेवारी : एकाच पाण्याचे दोनदा पैसे

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त मार गुंठेवारीतल्या कुटुंबाला बसतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून, ले-आउट मंजूर न करता, बॉण्ड पेपरवर प्लॉट विकले जातात. पहिल्या मार्गाचा पैसा, म्हणजे विकास शुल्क, इथे कुणी भरलेलंच नसतं. आतल्या लाइनही नसतात. पालिकेच्या नियोजनाच्या नकाशावर ती वसाहत दिसत नाही, म्हणून अनुदानाच्या प्रस्तावातही ती मागे राहते.

विकणाऱ्याने मात्र 'रोड, लाइट, पाणी सगळं होणार' असं सांगून त्याचा भाव आधीच लावलेला असतो. म्हणजे घेणाऱ्याने पाण्याचे पैसे एकदा दिले, ते प्लॉटवाल्याच्या खिशात गेले. पुढे नियमितीकरणासाठी पालिकेकडे पुन्हा भरायचे. मधल्या वर्षांत टँकरचे वेगळे.

राज्यात गुंठेवारी विकासांसाठी २००१ साली खास कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची संधी मिळाली. या शुल्कातून त्या वसाहतींत सुविधा व्हाव्यात हा कायद्याचा हेतू आहे. म्हणून आपला भाग पात्र असेल तर प्रस्ताव दाखल करणं टाळू नये. 'एवढी वर्षं काही झालं नाही, आता कशाला भरायचं' हा विचार महागात पडतो. नियमित झालेल्या वसाहतीला लाइन मागताना कागदाचा आधार मिळतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. घरपट्टी लागली म्हणजे घर अधिकृत झालं, असं नाही. कर बांधकामावर लागतो. मंजुरी ही वेगळी गोष्ट आहे.

मंजूर इमारतीतही टँकर का येतो?

मंजूर इमारतीत फ्लॅट घेतला म्हणजे सुटलो, असंही समजू नये. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महानगरपालिकेत आली. इमारती आधी उठल्या, पाण्याचं जाळं मागून येत आहे. अशा भागांत परवानगी देताना, पालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वखर्चाने पाणी देईन, असं हमीपत्र बिल्डरकडून घेण्याची पद्धत पडली. सोसायटी स्थापन झाली, बिल्डर निघून गेला की टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. ते हमीपत्र आपल्यासाठीच लिहिलेलं असतं, पण त्याची नक्कल किती जणांनी मागितली असेल?

ड्रेनेज नेहमी मागे का राहतं?

पाणी आलं नाही तर मोर्चा निघतो. ड्रेनेज नसेल तर लोक सेप्टिक टँक बांधून मोकळे होतात. म्हणून निवडणुकीत पाण्याचं आश्वासन मिळतं, गटाराचं क्वचितच. खर्चही वेगळ्या प्रकारचा असतो. सांडपाणी शक्यतो उताराने वाहावं लागतं, त्यामुळे वाहिन्या खोल खणाव्या लागतात. घरं उभी राहिल्यावर अरुंद गल्लीत हे काम फार अवघड होतं.

परिणाम आपल्या घरातच दिसतात. पाणी काही तासच येतं, बाकी वेळ वाहिनी रिकामी असते. शेजारी गटार झिरपत असेल तर घाण आत ओढली जाते, आणि मग कावीळ, टायफॉइड, जुलाब. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून साफ करून घेणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात जीव जातात. गल्लीतलं कुणी असं काम करून घेत असेल तर त्याला थांबवणं ही आपली जिम्मेदारी आहे. सक्शन मशीनची गाडीच बोलवावी.

प्लॉट किंवा फ्लॅट घेण्याआधी हे विचारा

* जमीन अकृषिक (एनए) आहे का? सातबारावर आणि विकास आराखड्यात तिचा वापर काय दाखवला आहे?
* ले-आउटला तात्पुरती मंजुरी आहे की अंतिम? मंजुरीचा नंबर घेऊन नगररचना विभागात स्वतः तपासा.
* विकास शुल्क भरल्याची पावती आहे का?
* पालिकेची मुख्य जलवाहिनी आणि ड्रेनेज लाइन वसाहतीपासून किती अंतरावर आहे? हे विकणाऱ्याला नको, पाणीपुरवठा विभागाच्या कार्यालयात विचारा.
* प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि घरं आठांहून जास्त असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का?
* फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का? पाण्याचं हमीपत्र दिलं असेल तर त्याची नक्कल द्या, म्हणावं.
* शेजारच्या वसाहतीत संध्याकाळी एक फेरी मारा. दारोदारी ड्रम आणि टँकरचे पाइप दिसले तर उत्तर मिळालं.

व्यवहार ठरवताना आपल्याकडे 'ओळखीचा माणूस आहे', 'जमातीतलाच आहे' एवढ्यावर भरोसा ठेवला जातो. ओळख असू द्या, कागदही बघा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद तर आपल्याला कुरआननेच दिली आहे.

वसाहत आधीच वसली असेल तर

एकट्याने चकरा मारण्यापेक्षा वसाहतीची समिती करा आणि तिची नोंदणी करा. मशिदीच्या जमातखान्यात बसून घरांची यादी, कागदांच्या नकला आणि कराच्या पावत्या गोळा होऊ शकतात. बाजूच्या गल्लीतली इतर समाजाची घरंही सोबत घ्या. पाइप सगळ्यांसाठी एकच असतो.

मग माहिती अधिकार कायदा, २००५ खाली तीन प्रश्न विचारा. आमच्या प्रभागातून मागच्या पाच वर्षांत विकास शुल्क आणि गुंठेवारी शुल्क किती जमा झालं? त्यातलं किती आमच्या भागात खर्च झालं? चालू पाणी आणि ड्रेनेज योजनेच्या आराखड्यात आमची वसाहत आहे का, आणि असेल तर कोणत्या जलकुंभावर? या तिसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर 'नाही' असं आलं, तरी ते मौल्यवान आहे. आराखड्यात नाव नसेल तर ते घालून घेण्याची वेळ योजना चालू असतानाच असते.

महानगरपालिकेचं अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास ठरतं. त्याच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, आपली मागणी नगरसेवक आणि प्रशासनाकडे लेखी पोहोचली पाहिजे. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

आणि शेवटी, पाणीपट्टी. ती भरून पावत्या जपून ठेवा. पाणी कमी येत असेल तर तक्रार करा, दर जास्त वाटत असेल तर आंदोलन करा. पण थकबाकीदार वसाहतीच्या मागणीला कार्यालयात वजन राहत नाही, आणि समोरच्या माणसाला आपल्याला परत पाठवायला आयतं कारण मिळतं. पावत्यांची फाइल टेबलावर ठेवून बोलणाऱ्या समितीला उत्तर द्यावंच लागतं.